आजीच्या पाठीवरचा रस्ता

डिसेंबरचा पहिला आठवडा. आज रस्ता उघडला.

तुयारा,

फोन तू उचलत नाहीस. चुकून उचललास तर माझं वाक्य अर्ध्यात तोडतेस. पत्राचं तसं करता येत नाही, म्हणून लिहितोय. फार तर तू ते चुलीत घालशील, पण तुमच्या त्या समुद्राकाठच्या शहरात चुलीच नसतात म्हणे. तेव्हा वाच मुकाट्याने.

आजी गोठली. यंदा तिने बराच वेळ लावला. महिनाभर बर्फाचे तुकडे तिच्या अंगावरून एकमेकांना ढुशा देत चालले होते, रात्रंदिवस कुरकुर चालू होती. मग एका सकाळी जाग आली ती आवाज थांबल्यामुळे. बाहेर आलो तर सगळी नदी उभी. पलीकडचा काठ नीट दिसत नाही एवढी मोठी बाई, आणि कुणी हात वर केल्यासारखी जागच्या जागी थांबलेली! लहानपणापासून हे बघतोय, पण दर वर्षी टोपी काढून उभा राहतो. कान गोठतात, शेजारची अग्राफेना ओरडते, तरी काढतोच.

आज नदीवरच्या रस्त्याचं फाटक उघडलं आणि पहिली गाडी माझीच गेली. आपला पाव अजून ठणठणीत आहे. (ग्लेबला सांग, पाव म्हणजे खायचा नव्हे. पावाच्या आकाराची राखाडी गाडी, जिच्यात तुझ्या बायकोचं अर्धं बालपण गेलं, ती.) काठाशी थांबलो, तीन गोल अलादी तव्यावरून काढून आणलेल्या, त्या लोण्यात बुडवून बर्फावर ठेवल्या, म्हटलं, "आजी, आलो गं. पाठ जरा घट्ट धर." आणि उतरलो. बर्फ असा खणखणीत वाजला की अंगावर काटा आला. वाजणारा बर्फ चांगला, मुका बर्फ वाईट, हे तुला मी चालता येण्याआधी शिकवलं होतं.

आता दुसरी बातमी, जी खरं तर तू मला द्यायची. मी आजोबा झालो! आणि हे मला कुणाकडून कळावं? अग्राफेनाकडून! बाजारात गोठवलेल्या दुधाच्या ताटल्या विकता विकता ती म्हणाली, "प्रोकॉप, नातवाचं तोंड गोड करणार की नाही?" मी म्हटलं, कुणाचा नातू? तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू माझीच कीव करावी. तिच्या भाचीला तुझ्या मैत्रिणीकडून कळलं होतं. रागावलेलो नाही मी. दुओलान नाव ठेवलंस, आपल्याकडचं नाव ठेवलंस, त्यातच मला सगळं मिळालं.

तीन हिवाळ्यांपूर्वी तू आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणालीस, "बाबा, स्टिअरिंग सोडा आणि माझ्याबरोबर चला. ती नदी एक दिवस तुम्हाला गिळणार." मी म्हणालो, सोडीन तर तुझ्या हातात सोडीन, दुसऱ्या कुणाच्या नाही. तू म्हणालीस, "तुमच्या बर्फावर मी पुन्हा पाय ठेवणार नाही." दार असं आपटलंस की चौकटीवरचे हिमकण माझ्या चहात पडले. तुझी आई असती तर दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घातला असता.

पण आता तुला यावं लागेल. मला त्या पोराचा चेहरा बघायचाय. फोटो पाठवू नकोस, फोटोत सगळी बाळं बटाट्यासारखी दिसतात. हिवाळा असतानाच ये, कारण आपल्या गावाला रस्ता हिवाळ्यातच असतो.

यंदा धुकं मात्र लवकर उतरलंय. दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात. सुंदर दिसतं ते.

बाबा

जानेवारी. कडाक्याची थंडी.

तुयारा,

उत्तर नाही. चालेल. मी गोठलेल्या दुधासारखा आहे, कितीही दिवस ठेवलं तरी नासत नाही.

येशील तेव्हा ग्लेबही येईल असं धरून चालतो. त्याला आधीच चार गोष्टी सांगून ठेव, नाहीतर इथे येऊन तो नाकाने कांदे सोलत बसेल. पहिली म्हणजे सीटचा पट्टा. जमिनीवर पट्टा लावायचा, नदीवर उतरताना काढायचा. शहरातली माणसं नेमकी उलट करतात, भीती वाटली की पट्टा आवळतात. बर्फ फुटला तर गाडीतून उडी मारायची असते, बाबा रे, गाडीला मिठी मारून बसायचं नसतं. दारंही दोरीने बांधून अर्धी उघडी ठेवायची. थंडी लागेल. लागू दे.

गाडीमागे गाडी चिकटवायची नाही. पुढचा दिसेल न दिसेल इतकं अंतर. आणि काठ आला की सगळ्यांना घरचा वास येतो, पाय आपोआप पेडल दाबतो, तिथेच हळू व्हायचं. गाडी चालते तशी तिच्याखाली बर्फाच्या पोटात पाण्याची लाट चालते. वेगात गेलास तर ती लाट काठाला आपटून परत येते आणि खालून बर्फ उचलते. आजीच्या अंगावरून जाताना तिला गुदगुल्या करायच्या नाहीत, असं मी तुला सांगायचो. तू हसून लोळायचीस.

आणि कुणीही, कधीही, नदीवर असताना "किती वेळात पोहोचू?" असं विचारायचं नाही. मागच्या आठवड्यात एका नव्या मास्तराने विचारलं. गाडीतल्या सगळ्या बायका त्याच्याकडे अशा वळल्या की बिचारा टोपीत शिरला.

जमिनीवर कुणाची गाडी बंद पडलेली दिसली की थांबायचं, मग तो तुझा वैरी का असेना. या थंडीत न थांबणं म्हणजे खून. पण नदीवर थांबायचं नाही, पुढे लांब जाऊन उभं राहायचं आणि त्याला चालत येऊ द्यायचं. दोन गाड्यांचं ओझं एका जागी आजीला पेलत नाही. दया करायची तीही लांबून. हे ग्लेबला समजायला वेळ लागेल.

परवा पारा उणे पन्नासच्या खाली होता. थुंकलं तर जमिनीवर टक् असा आवाज. श्वास तोंडातून बाहेर पडतो आणि कानाशी खसखसतो, जणू कुणी धान्य पाखडतंय. गावातल्या गाड्या रात्रभर चालूच असतात, त्यांचा धूर, चुलींचा धूर, गुरांचा श्वास, सगळं गोठून जमिनीला धरून बसतं. असं धुकं की स्वतःचा हात उसना घेतल्यासारखा वाटतो. तुला आठवत असेलच, पण ग्लेबला सांग: पारा उणे चाळीसच्या खाली गेला की धुकं उतरतं, वर आला की उठतं. घड्याळासारखं चोख.

तर त्या धुक्यात मी आणि अग्राफेना शहराकडे निघालो. तिच्या पोतंभर दुधाच्या ताटल्या मागे खडखडत होत्या.

"प्रोकॉप, गाडी चालवतोयस की प्रार्थना करतोयस?"

"धुकं आहे, अग्राफेना."

"धुकं सगळ्यांनाच आहे. तो गाडीवाला एर्चिम जाताना आपल्याला मागे टाकून गेला आणि आता परत येताना दिसतोय. माझं दूध उन्हाळ्यापर्यंत पोहोचेल का?"

"पोहोचायचं बोलू नकोस."

"बरं, नाही बोलत. पण अरे, फांद्या! फांद्या डावीकडे राहिल्या!"

"दिसतायत मला."

"दिसतायत? मग आपण भर नदीत एकटेच काय करतोय?"

रस्त्याच्या कडेला लार्च झाडाच्या फांद्या रोवतात ना, त्या ओळीच्या मी बराच बाहेर गेलो होतो. हळूच वळवून परत आणली. आत्तापर्यंतच्या आयुष्यात ओळ सोडली नव्हती. अग्राफेना उतरेपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि तिला ओळखतेस तू, ती झोपेतही बोलते. रस्तेवाल्यांनी यंदा फांद्या कमी रोवल्यात. पैसे वाचवले असतील.

नातवाला माझ्याकडून एक पापा. कपाळावर घे, गालावर नको, मिशी टोचेल असं समज.

बाबा

फेब्रुवारी. हवा मऊ झालीय.

तुयारा,

लिहायला उशीर झाला. मधे शहरात गेलो होतो, पाठीसाठी. पाठ दुखते हल्ली. म्हणून काही दिवस पाव एर्चिमच्या हातात दिलाय. तात्पुरता. तुला बोललो होतो तसं सोडलेलं वगैरे नाही.

झालं काय, त्या दिवशी हवा छान होती. बायका डोक्यावरच्या शाली मागे टाकून अंगणात गप्पा मारत होत्या. मी आणि एर्चिम पलीकडून पीठ आणायला निघालो. फाटकाशी मी म्हटलं, "आज तू चालव, मी जरा अंग टाकतो. एवढ्या धुक्यात नाहीतरी कंटाळा येतो."

तो म्हणाला, "काका, कुठलं धुकं?"

मी म्हटलं, "हे काय, समोर."

त्याने खिडकी खाली केली, डोकं बाहेर काढलं, इकडे तिकडे बघितलं, परत आत घेतलं. "काका, पलीकडच्या टेकडीवरची झाडं मोजता येतील आज."

मी हसलो. म्हटलं, तुझी परीक्षा घेत होतो. तोही हसला. एर्चिमचं बरं आहे, तो कशालाही हसतो. मग मात्र माझी पाठ दुखायला लागली.

शहरातल्या डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या. पाठ तपासायला मला अंधाऱ्या खोलीत बसवलं, हनुवटी एका पट्टीवर टेकवायला सांगितली, आणि म्हणाल्या, "बारीक दिवा दिसला की बटण दाबा." मी बराच वेळ बसलो. मग विचारलं, "बाई, सुरू कधी करताय?" त्यांनी खोलीतला दिवा लावला. तेव्हा कळलं की सुरू होऊन बराच वेळ झाला होता.

पाठीला थेंब दिलेत, सकाळ-संध्याकाळ घालायचे. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते सांभाळायचं, उन्हाळ्यापर्यंत बघू, असं म्हणाल्या. पाठीबद्दल. फार चांगली मुलगी. जाताना माझा हात धरून पायऱ्या उतरवून दिल्या, मी नको नको म्हणत असताना.

तेव्हा यायचं तर याच हिवाळ्यात ये. एप्रिल निम्मा झाला की फाटक पडतं. पुढचा हिवाळा लांब आहे, पोरं तोवर मोठी होतात, त्यांचे चेहरे बदलतात. मी उगाच घाई करत नाहीये. बर्फाची घाई आहे.

धुकं अजून उठलेलं नाही. दाट आहे चांगलंच.

बाबा

मार्च. ऊन मोठं झालंय.

तुयारा,

तुझं कार्ड आलं! पोस्टातल्या बाईने दारातूनच आरडाओरडा केला, सगळ्या गल्लीला कळलं. तीन हिवाळ्यांनंतर एक ओळ. मी ती तिच्याकडूनच वाचून घेतली, चष्मा सापडत नव्हता. "बाबा, त्या दिवशी पारा किती होता?"

एवढंच? मी पोस्टातल्या बाईला म्हटलं, मागे काही आहे का बघ. मागे समुद्राचं चित्र होतं.

अगं, लोक विचारतात कसे आहात, जेवलात का. तू हवामान विचारतेस! पण माझ्याच रक्ताची आहेस, मीही तुझ्या आईला पहिल्या पत्रात बर्फाची जाडी लिहिली होती. तर सांगतो. तू एर्चिमबरोबरच्या दिवसाबद्दल विचारत असशील तर उणे पंचवीसच्या आसपास. वारा नाही. मुलं बाहेर खेळत होती. समाधान झालं? आता तू सांग, दुओलानला दात आले का?

काल एक गोष्ट केली, ती कुणाला सांगितली नाही. दुपारी चालत नदीवर गेलो. गावाच्या वरच्या अंगाला वाऱ्याने बर्फावरचा हिमथर झाडून नेलाय, तिथे बर्फ काळा निळा, काचेसारखा आहे. मी त्याच्यावर पालथा झोपलो. हो, या वयात. हातांचा आडोसा केला आणि आत बघितलं.

पोरी, काय सांगू तुला. पांढऱ्या भेगा खाली खाली गेलेल्या, पडदे टांगल्यासारख्या, एकामागे एक. त्यांच्यामधे बुडबुडे गोठलेले, वर येता येता थांबलेले, एकावर एक रचलेल्या नाण्यांसारखे. त्याच्या खाली अंधार, आणि अंधारात आजी चालत होती. मला तिचं चालणं पोटाला जाणवत होतं. वर सगळं जग थांबलेलं, आणि खाली ती आपली चाललीये, कुणाला न सांगता, समुद्राकडे. एवढी वर्षं मी तिच्यावरून गाडी नेली, फांद्या बघितल्या, भेगा बघितल्या, काठ बघितला. ती किती मोठी आहे हे बघायला मला कधी वेळच झाला नाही. आता मला एका वेळी थोडंच बघता येतं, म्हणून नीट बघतो. मग ती गरजली. वरच्या अंगाकडून आवाज आला तो माझ्या छातीखालून पार पलीकडच्या काठाला गेला. मी घाबरलो नाही. रडलो मात्र. गालाला बर्फ चिकटला, सोडवताना मिशीचे चार केस आजीला देऊन आलो.

तुला माहिती आहे का, तू पहिल्यांदा पाव चालवलास तेव्हा मी तुझ्या शेजारच्या सीटवर दुधाने काठोकाठ भरलेलं लाकडी भांडं ठेवलं होतं? म्हटलं होतं, ब्रेकला हात लावायचा नाही, गिअर खाली घे, पाय असा ठेव जणू खाली झोपलेलं मांजर आहे. दूध सांडलं नाही पाहिजे. पलीकडे गेल्यावर तू भांडं उचललंस आणि माझ्यासमोर पिऊन टाकलंस, ओठांवर पांढरी मिशी घेऊन. मी तेव्हा काही बोललो नाही. आत्ता बोलतो. इतक्या हलक्या हाताने गाडी नेणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

माझी तुला विनंती आहे. विनंती हा शब्द मी आजवर फक्त आजीसमोर वापरलाय. दुओलानला घेऊन ये. पुढचं मला सांगता येणार नाही, पण मला त्याला बघायचंय, आणि ते या हिवाळ्यातच जमेल.

बाबा

एप्रिल. फाटक पडलं त्या दुपारी.

तुयारा,

तू चुलीच्या पलीकडे झोपली आहेस, पोराला कुशीत घेऊन, बूट न काढता. मी टेबलाशी बसून तुला पत्र लिहितोय. वेडेपणा आहे, ठाऊक आहे. पण तोंडाने बोलायला गेलो तर तू वाक्य तोडशील, आणि आज मी स्वतःच ते तोडून टाकीन. ओळी एकमेकींवर चढत असतील तर समजून घे.

शहरातल्या विमानतळावर तू एकटीच उतरलीस, पोराचं गाठोडं छातीशी. मी तयारीत होतो, तू काहीतरी खरमरीत बोलशील म्हणून. तू म्हणालीस, "पंचवीसला धुकं नसतं, बाबा."

बस. तेवढंच. मी इतके महिने जे पाठीमागे लपवत होतो ते तू समुद्राकाठी बसून एका ओळीत पकडलंस. गावातल्या सगळ्यांनी तीच गोष्ट ऐकली होती, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ज्याला धुकं ठाऊक आहे त्यालाच ते कळणार, आणि तुला ते मीच शिकवलं होतं. स्वतःच्याच सापळ्यात पाय अडकलेला शिकारी कसा दिसतो, ते एर्चिमला विचार, तो शेजारी उभा होता.

पलीकडच्या काठावर आलो तेव्हा एर्चिम म्हणाला, "चला, आत्ताच निघू. फाटकवाला म्हणतोय, उद्या दुपारी कायमचं पाडणार. पीठ भरलंय, अग्राफेनाचं न विकलेलं दूध भरलंय, तुमचं सामान टाकू वर."

तू नदीकडे बघितलंस. खाली उतरलीस, टाचेने बर्फावर दोनदा मारलंस आणि मान तिरकी करून ऐकलंस. लहानपणी ऐकायचीस तशी.

"मुका आहे," तू म्हणालीस. "दिवसभर ऊन खाल्लंय त्याने. आत्ता नाही."

"अगं, पण फाटक—"

"एर्चिमदादा, दुपारी पाडणार ना? सकाळ आहे की मधे. थंडी परत येऊ दे. आणि हे पीठ काढ. दूधही काढ."

"अग्राफेना मला जिवंत सोडणार नाही."

"तिला सांग, ज्याला दूध हवंय त्याने जूनमधे होडीने यावं."

एर्चिम माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतोस, मालकीण बोलतेय. तो कुरकुरत पोती उतरवायला लागला. मी मात्र तिथे उभा राहून आश्चर्य करत होतो. एवढी वर्षं गरम वाळूत राहून हिच्या टाचेतले कान गेले नाहीत!

रात्री त्या काठावरच्या खोलीत तू दुओलानला माझ्या मांडीवर दिलंस. मी खूप वेळ बघत बसलो आणि तुला म्हटलं, आपल्यासारखाच आहे. खोटं होतं ते. दिव्याच्या उजेडात मला एक काळं गाठोडंच दिसलं, आणि त्यातून दुधाचा वास आला. मी मनात म्हटलं, उशीर झाला, प्रोकॉप. वास मिळाला, वजन मिळालं, तेवढ्यावर भागव. तुला कळू नये म्हणून मी जांभई दिली.

सकाळी आजी पुन्हा वाजत होती. फाटकवाल्याने पहाटे भोकं पाडून जाडी बघितली होती, म्हणाला, "रिकामी असेल तर जा, पण ही शेवटची." एर्चिम त्या काठावर ठेवलेल्या त्याच्या हलक्या गाडीतून बराच पुढे निघून गेला. तू दारं दोरीने बांधलीस, पट्टे सीटमागे फेकलेस, अलादी बर्फावर ठेवल्यास. काय म्हणालीस तिला ते मला ऐकू आलं नाही. मग पोराला माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "बाबा, भांडं तुमच्याकडे. सांडू देऊ नका."

तुझा पाय पेडलवर ठेवलेला मला कळलासुद्धा नाही. पाव असा निघाला, जणू त्यालाही झोपेतून उठवायचं नव्हतं. काठाशी साचलेल्या पाण्यातून चाकं सळसळली, मग घट्ट बर्फ लागला आणि खालून तो खणखणीत आवाज सुरू झाला. मधोमध आलो तेव्हा सवयीने माझं तोंड उघडलं. "फांद्या उजव्या हाताला ठेव," असं म्हणून मी फांद्या शोधायला लागलो. एकही दिसेना. सगळीकडे पांढरं, नुसतं पांढरं. 

ऊन असं पडलं होतं की गालाला चटके बसत होते. आभाळात ढगाचा ठिपका नसणार. आणि तू समोर बघत म्हणालीस, "धुकं आहे ना, बाबा?"

मी म्हटलं, "हो."

"दाट आहे का?"

"चांगलंच दाट आहे गं."

"मग हळू नेते," तू म्हणालीस, आणि खरोखर गिअर खाली घेतलास. दिवेही लावलेस. भर उन्हात, भर नदीत, तू माझ्या धुक्यासाठी दिवे लावलेस!

आजवर मला कुणी इतक्या सांभाळून नेलं नव्हतं. मी एवढी माणसं पलीकडे नेली, आजारी, गरोदर, नवरदेव, प्रेतं. पण मला कुणीतरी नेतंय हे मी त्या क्षणी पहिल्यांदा अनुभवलं, आणि आजी मोठी की तू मोठी हे मला ठरवता येईना.

पोरगं तेव्हाच जागं झालं. रडलं नाही. बर्फाचा आवाज ऐकत असावं. उघड्या दारातून खालून वरून सगळीकडून उजेड येत होता, असा उजेड घरात कुठून मिळणार? मी खाली वाकलो.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं होतं मला काय उरलंय ते. मधोमध एक गोल, बाकी सगळं काळं केलेलं. हात लांब करून धरलेल्या अलादीएवढा. त्या गोलात नदी मावत नाही, रस्ता मावत नाही, दोन फांद्याही एकदम मावत नाहीत. मला वाटायचं, एवढ्याशा जागेत आता काय बघायचं?

तुयारा, तो त्यात पुरेपूर मावला. कपाळापासून हनुवटीपर्यंत. तुझ्या आईच्या भुवया, ग्लेबचे कान असावेत ते, आणि नाक आपलं, चपटं, कुणाच्या बापाला न जुमानणारं. वरच्या ओठावर सुकलेल्या दुधाची पांढरी मिशी. त्याने माझ्याकडे बघितलं आणि भुवया चढवल्या, जणू विचारतोय, हा म्हातारा का रडतोय? मी काठापर्यंत मान वर केली नाही. काठ आला हे तू हळू झालीस म्हणून कळलं. लाट पुढे जाऊ दिलीस, थांबलीस, मग चढलीस. भांडं सांडलं नाही.

आपल्या मागे फाटक पडल्याचा आवाज ऐकलास ना? आता जूनमधे होडी सुरू होईपर्यंत इथून कुणाला जाता येत नाही. तू नदीवर उतरलीस तेव्हा हे तुला ठाऊक होतं. मी विचारणार नाही, तूही सांगू नकोस. मी फक्त अजूनही आश्चर्य करतोय.

अग्राफेना दोनदा येऊन गेली. पहिल्यांदा दुधासाठी भांडायला, दुसऱ्यांदा पोराला बघायला. तिला हळू बोल म्हटलं तर कुजबुजायला लागली, ती कुजबूज तीन घरं ऐकत होती. तरी तुम्ही दोघं उठला नाहीत.

पाव दाराशी उभा आहे. तू किल्ली काढायला विसरलीस, इंजिन अजून चालू आहे, मला इथे ऐकू येतंय. मी बाहेर जाऊन बंद करणार होतो. मग म्हटलं, कशाला? गाडी तुझी आहे. उठलीस की तूच बंद कर.

बाबा